सरकतोही आणि धरतोही: गळाच्या दोरावरचा स्टॉपर आणि माझी एक चुकलेली मोजणी

मारुंजीत राहून समुद्रातल्या मासेमारीवर लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. आमच्या गच्चीवरून दिसतात ते हिंजवडीचे टॉवर आणि अर्धवट बांधलेल्या इमारती. पण माझं आजोळ श्रीवर्धनकडचं. पौड, मुळशी धरण, ताम्हिणी, माणगाव करत सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला मामाकडे. शेखाडीच्या बाजूला खडकांवर बसून गळ टाकायचा मामाचा जुना नाद आहे आणि तो मलाही लागलाय.

आजचा विषय अगदी लहान आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. गळाच्या दोरावर बसवायचा, हवा तेव्हा सरकवता येणारा स्टॉपर. तो घरी कसा करायचा हे सांगतेच, पण त्याहून जास्त सांगायचंय ते हे की तो मोजताना मी काय चुकले. कारण तीच चूक मी प्रयोगशाळेतही करून बसले होते, आणि तिथे ती फार महाग पडली.

आधी मांडणी समजून घेऊ. समुद्रात किनाऱ्यावरून गळ टाकताना एक जाड मुख्य दोर असतो. हा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी पारदर्शक दोर. त्याच्या टोकाला शिसं. मुख्य दोराला मध्ये एक-दोन ठिकाणी आखूड फाटे, आणि फाट्याच्या टोकाला गळ आणि आमिष. फाटा थेट मुख्य दोराला बांधला तर पिळ पडून गुंता होतो, म्हणून तो एका फिरकीला बांधतात. दुकानात तिला स्विवेल म्हणतात. फिरकीच्या कडीतून मुख्य दोर ओवलेला असतो. आता ही फिरकी दोरावर वरखाली धावू नये म्हणून तिच्या वर एक मणी आणि स्टॉपर, खाली एक मणी आणि स्टॉपर. मणी हवाच. तो नसेल तर फिरकीची कडी स्टॉपरवरून सहज पलीकडे जाते.

फाटा एकाच जागी कायमचा बांधून का टाकू नये? मामा तेच करतो. पण समजा आमिष तळाला टेकलंय आणि खेकडे ते दर दहा मिनिटांनी फस्त करतायत. फाटा हातभर वर घ्यायला हवा. कायमची गाठ असेल तर अंधारात, ओल्या हातांनी, कपाळावरच्या बॅटरीत सगळं कापून पुन्हा बांधा. स्टॉपर सरकणारा असेल तर दहा सेकंदांचं काम. तांब्याची किंवा पितळेची नळी पकडीने दाबून बसवायचाही प्रकार आहे, पण ती एकदा दाबली की हलत नाही, आणि जास्त दाबली तर तिथेच दोर जखमी होतो.

म्हणजे आपल्याला हवंय काय, तर बोटांनी ढकलला तर सरकणारा आणि मासा ओढेल तेव्हा न सरकणारा स्टॉपर. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात आहेत. संशोधनात असे प्रश्न सारखे भेटतात. त्यांना उत्तर देण्याआधी एक साधी गोष्ट करायची असते, जी मी केली नाही. त्या वस्तूवर प्रत्यक्षात कोणतं बल, कोणत्या दिशेने, कोणत्या अवस्थेत येतं हे कागदावर काढायचं.

आता काढू. गळ फेकताना काठीचं टोक पुढे झेपावतं आणि शिसं मागून ओढलं जातं. आमिषही मागे राहू पाहतं, म्हणजे फिरकी शिशाकडच्या, खालच्या स्टॉपरवर आदळते. समजा शिसं १०० ग्रॅमचं आहे आणि फेकताना दोरात ५ किलोचा ताण आला. शिशाला त्याच्या वजनाच्या ५० पट ओढ बसली. मग २० ग्रॅमच्या आमिषालाही साधारण तेवढेच पट, म्हणजे १ किलो. हे आकडे मी धरलेले आहेत, पण अंदाज येतो. शिसं हवेत गेलं की उलटं होतं. शिसं पुढे, आमिष वाऱ्याने मागे, आणि फिरकी वरच्या स्टॉपरला टेकते. हे बल किरकोळ. मासा लागला की तो आपल्यापासून दूर ओढतो, म्हणजे पुन्हा खालचा स्टॉपर. माशाची जवळजवळ सगळी ओढ त्याच्यावर येते.

म्हणजे वरचा आणि खालचा स्टॉपर दिसायला जुळे असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. दोन्हीकडे एकच स्टॉपर लावायचा हट्ट करण्याचं कारण नाही. हे मला कागदावर बाण काढल्यावर कळलं. त्याआधी दोन महिने मी दोन्हीकडे एकच लावत होते.

आता पकडीकडे. सगळ्यात सोपा घरगुती स्टॉपर म्हणजे मुख्य दोरावर दुसऱ्या धाग्याचे वेढे घालून आवळलेली गाठ. जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीतली एक बारीक तार घेऊन सहा-सात वेढे मारले तरी चालतं. हे पाहिल्यावर यांत्रिकी शिकलेल्या कोणालाही लगेच एक सूत्र आठवतं, ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाचं. जेट्टीवरच्या खुंटाला लाँचचा दोर तीन वेढे मारला की एक माणूस लाँच थोपवतो, ते याच सूत्रामुळे. घर्षणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांना हाताची ओढ सुमारे २८५ पट होते. वेढे वाढवा, पकड गुणाकाराने वाढते.

मीही तेच धरून दहा-बारा वेढे घालायचे. चूक! खुंटाच्या उदाहरणात ज्या दोरावर भार आहे तोच दोर वेढलेला असतो. आपल्या स्टॉपरमध्ये भाराचा दोर सरळ जातो आणि वेढे दुसऱ्याच धाग्याचे आहेत. सूत्र बरोबर आहे, पण ते इथे लागू होतं वेढ्यांच्या धाग्याला, आणि लागू होतं उलट्या बाजूने.

म्हणजे बघा, गाठ आवळताना तुम्ही धाग्याचं टोक ओढता. ती ओढ आतल्या वेढ्यांपर्यंत पोचायला हवी. पण प्रत्येक वेढ्यात घर्षण तिचा घास घेतं. घर्षणांक ०.२ असेल तर एका वेढ्यानंतर १०० पैकी २८ उरते, दुसऱ्यानंतर ८, तिसऱ्यानंतर २. चौथ्या-पाचव्या वेढ्याला तुम्ही ओढताय हे कळतही नाही.

आणि यातून एक सुंदर गोष्ट निघते. प्रत्येक वेढ्यात जेवढी ओढ कमी झाली तेवढं घर्षण तिथे उभं राहिलं. सगळ्या वेढ्यांतलं मिळून ते मूळ ओढीपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण ओढ शून्याखाली जात नाही. नंतर मणी येऊन स्टॉपरला ढकलतो तेव्हा हेच घर्षण, फक्त दिशा बदलून, त्याला अडवतं. म्हणजे या साध्या हिशेबात स्टॉपरची पकड दोन टोकांना आवळताना लावलेल्या ओढींच्या बेरजेइतकीच, फार तर. दोन्ही टोकं १-१ किलोने ओढली तर २ किलोपर्यंत. वेढे सहा घाला नाहीतर सोळा. मासेमारीच्या जुन्या सवयीत पाच ते आठ वेढे का येतात हे मला इथे समजलं. दोन्ही बाजूंनी तीन-चार वेढ्यांपलीकडे ओढ पोचतच नाही.

अर्थात हिशेबात एक पळवाट आहे. वेढा घालतानाच प्रत्येक वेळी धागा ताणून घातला तर आतला वेढा टोकाच्या ओढीवर अवलंबून राहत नाही. नायलॉनच्या धाग्याने हे जमत नाही, तो हातातून सुटला की ढिला. रबरी धाग्याने मात्र जमतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सह्याद्रीत भटकणारे इथे म्हणतील, प्रुसिकची गाठ बांधा की! ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ साली मांडलेली ही गाठ हाताने सरकते आणि अंगाचा भार आला की घट्ट होते. फरक असा की प्रुसिकमध्ये भार गाठीच्याच दोराला लटकतो, त्यामुळे भार वाढला की वेढे आपोआप आवळतात. आपल्या स्टॉपरला मणी बाहेरून ढकलतो. भार वाढला म्हणून तो जास्त आवळत नाही. बांधताना जेवढी पकड दिली तेवढीच.

तर आता माझ्या चुकीकडे येते. गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवर चार प्रकारचे स्टॉपर करून मोजले. तंगूसचा तुकडा टेबलावर ठेवायचा, एक टोक चिकटवायचं, स्टॉपर बसवायचा, मण्याला बॅग मोजायचा डिजिटल काटा अडकवून हळूहळू ओढायचं, आणि सरकला की आकडा लिहायचा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकून, दर वेळी दोराचा ताजा भाग. सगळं नियमाने. त्यात नायलॉन धाग्याची घट्ट गाठ पहिली आली. रबरी धागा मागे पडला. मी खूश होऊन नायलॉनवाले स्टॉपर घेऊन शेखाडीला गेले.

तिथे पहिल्याच बऱ्या माशाला खालचा स्टॉपर सरकत सरकत शिशापर्यंत गेला. मासा आला, शेंगाळा होता, पण दोन्ही फाटे एकमेकांत असे गुंतले की पुढचा अर्धा तास तेच. मामा शांतपणे म्हणाला, "काय गं, पुण्यात पाणी नाही का?"

त्याला म्हणायचं होतं की ओल्या दोरावर करून पाहिलं नाहीस. खरं तर ओलं करून मी पाहिलं होतं. मी पाहिला नव्हता तो ताण. टेबलावर मण्याच्या पुढचा दोर सैल होता. समुद्रात मासा लागला की खुद्द मुख्य दोरच ताणलेला असतो, आणि नायलॉन ताणला की बारीक होतो.

किती? नायलॉनसाठी पॉयसनचं गुणोत्तर साधारण ०.४ असतं. दोर लांबीत १० टक्के ताणला तर जाडी सुमारे ४ टक्क्यांनी कमी होते. ०.७० मिलिमीटरचा दोर ०.६७ होतो. ०.०३ मिलिमीटर म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण वेढ्यांच्या दृष्टीने पाहा. नायलॉनचा धागा आवळताना समजा तो ३ टक्के ताणला गेला. खालचा दोर ४ टक्के आकसला. वेढ्याचा घेर तेवढाच कमी व्हायला हवा, आणि धाग्याकडे आकसायला शिल्लक होती ३ टक्केच. संपलं! पकड शून्य. मी टेबलावर मोजलेला पहिला नंबर समुद्रात अस्तित्वातच नव्हता.

आता रबर घ्या. वेढा घालताना ते दुप्पट ताणलं, म्हणजे १०० टक्के. दोर ४ टक्के आकसला तर रबराचा ताण १०० वरून ९२ टक्क्यांवर येतो. पकड जरा कमी झाली, इतकंच. टेबलावर मागे पडलेलं रबर समुद्रात पुढे जातं ते यामुळे. मऊ वस्तू धरून ठेवते आणि कडक वस्तू सोडते, हे पहिल्यांदा उलटं वाटतं. पण घरात कुकरच्या झाकणाला शिटीजवळ नाही, कडेला रबरी रिंग का असते, ते आठवलं की पटतं. भांडं तापून थोडं हललं तरी रिंग मागोमाग जाते.

माझ्या पीएचडीचं काम आहे विणलेल्या कापडातून एक धागा ओढून काढायला किती बल लागतं यावर. वस्तुतः तेच, आडव्या धाग्यांच्या वेढ्यांतून उभा धागा सरकणं. पहिल्या वर्षी मी नमुने चौकटीत बसवताना कापडाच्या आडव्या ताणाकडे लक्ष दिलं नव्हतं. कधी घट्ट, कधी सैल, हाताला येईल तसं. आकडे विखुरलेले आले, आणि मी तो विखुरलेपणा सरासरीत दडपला. गाइडनी एक प्रश्न विचारला, "आडवा ताण किती होता?" माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. जवळपास सहा महिन्यांचं मोजमाप पुन्हा करावं लागलं. दहा वेळा मोजणं, चिठ्ठ्या टाकणं, ताजा नमुना घेणं, हे सगळं मी करत होते. पण ज्या अवस्थेत वस्तू वापरली जाते त्या अवस्थेत ती मोजली नाही, तर दहा वेळा मोजून एकच चूक दहा वेळा अचूक मिळते. हे प्रयोगशाळेत शिकूनही गच्चीवर मी पुन्हा तीच चूक केली, म्हणून हे लिहायला बसले.

सुधारलेली मोजणी अशी. गच्चीच्या कठड्याच्या पाइपाला मुख्य दोर बांधायचा आणि खाली बादली लटकवायची. बादलीत ५ लिटर पाणी म्हणजे बादलीचं वजन सोडून ५ किलोचा ताण. दोर अर्थात त्याहून पुरेसा मजबूत घ्यायचा. मग मणी काट्याने खाली ओढायचा. आधी रिकामी बादली, मग २, मग ५ लिटर. स्टॉपर बसवायचा सैल दोरावर, आणि एकदा ताणलेल्या दोरावर. या एका बदलाने क्रमवारी उलटी झाली. मी माझे आकडे इथे मुद्दाम देत नाही, कारण तुमचा दोर, तुमचं रबर, तुमचा हात वेगळा. आकडा लिहिताना 'पहिल्यांदा हलला तेव्हा' आणि 'सरकत राहिला तेव्हा' असे दोन रकाने ठेवा, ते सारखे नसतात. आणि तोंड बाजूला ठेवा. ताणलेला तंगूस तुटला तर चाबकासारखा येतो.

आता करायचं कसं. वरच्या स्टॉपरसाठी रबरी धागा. दुकानात पॉवर गम म्हणून मिळतो, नाहीतर कपड्याच्या चपट्या इलॅस्टिकची शिवण उसवली की आत बारीक रबरी धागे असतात. ते लवकर कुजतात, पण शिकायला उत्तम. वीतभर तुकडा मुख्य दोराला समांतर धरा, त्याचा एक फास करा, आणि मोकळं टोक फासाच्या आतून मुख्य दोराभोवती सहा वेळा गुंडाळा. दर वेढा ताणून. मुख्य दोर कोणाला तरी ओढून धरायला सांगा किंवा खिळ्याला अडकवून पायाने ताणा. थुंकीने ओलं करा, म्हणजे आवळताना घासून तंगूस तापत नाही आणि ओढही आतपर्यंत जास्त पोचते. घर्षणांक ०.२ वरून ०.१ वर आला तर एका वेढ्यानंतर २८ ऐवजी ५३ टक्के ओढ उरते. मग दोन्ही टोकं सावकाश ओढा. टोकं अगदी मुळाशी कापू नका, बोटाच्या पेराएवढी ठेवा. स्टॉपर ढिला पडला की तीच ओढून पुन्हा आवळता येतो.

खालच्या स्टॉपरसाठी मला आवडलेला उपाय सायकलच्या दुकानातला आहे. जुन्या पद्धतीच्या सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. तिचा नखाएवढा तुकडा कापा. मुख्य दोर त्यातून ओवा, बाहेरून वळवून त्याच दिशेने पुन्हा ओवा, जमलं तर तिसऱ्यांदा. दोर नळीभोवती दोन फास टाकून बसतो. आता इथे वेढे खुद्द भाराच्या दोराचे आहेत! दोर ताणला की फास नळीवर आवळतात, म्हणजे आपण प्रुसिकच्या आणि खुंटाच्या जातीत आलो. भार वाढला की पकड वाढते. सरकवायचा असेल तर दोर सैल सोडायचा, फास नखाने मोकळे करायचे, एकेक करून पुढे द्यायचे, पुन्हा ओढायचं. बोटांनी ढकलून हा हलत नाही, त्यामुळे रबरी गाठीपेक्षा थोडा वेळ जातो. दोराला वळण बसल्यामुळे त्याची थोडी ताकदही जाते. मऊ नळीमुळे कमी जाते, पण जाते. म्हणून मुख्य दोर एक नंबर जाड घ्या.

टेलिफोनची तार मी सोडून दिली. तांबं वाकवलं की तसंच राहतं, दोर बारीक झाला तर मागोमाग आकसत नाही. वरचं प्लास्टिकचं आवरण थोडं सांभाळून घेतं, त्यामुळे हलक्या कामाला चालते. गेलेला स्टॉपर पटकन बदलायला मात्र तारेसारखं काही नाही, पाच सेकंद लागतात. एक तुकडा खिशात असू द्या.

आणि प्रयोगात कापलेले तंगूसचे तुकडे गोळा करून घरी आणा. पाण्यात ते वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि पक्ष्यांच्या पायात, कासवांच्या गळ्यात अडकतात. मी एक जुनी बाटली त्यासाठीच ठेवली आहे.

मागच्या खेपेला मामाने सगळं हातात घेऊन पाहिलं. रबरी गाठ दोनदा सरकवली, नळीवाला ओढून पाहिला. वरच्यासाठी चार रबरी स्टॉपर माझ्याकडून ठेवून घेतले. खाली मात्र त्याने त्याची कायमची गाठच मारली. मी बाण काढून दाखवले, बादलीचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "तुझी नळी पावसाळाभर उन्हा-पाण्यात ठेव आणि मग दाखव." रबर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात किती महिने टिकतं, हा रकाना माझ्या वहीत अजून नाही. नळीचे बारा तुकडे जूनपासून गच्चीवर एका काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यात ठेवलेत, आणि बारा नुसत्या दोरीवर उन्हात. दर महिन्याला त्यातले दोन-दोन काढून बादलीवर ओढते.